वेसण सोडवणारं इंजेक्शन

श्रोतेहो, राम राम.

आपल्या खान्देशात कॅन्सर म्हटलं की आधी तोंडाचाच आठवतो. गालात तंबाखूची चिमूट, खिशात पुडी. तोंडात दोन बोटंही जाईनाशी झाली तरी ‘दाढेचंच असेल’ म्हणत महिने जातात. मग काखेत फाइल आणि भुसावळहून मुंबईची गाडी. तिथून परतलेले लोक हल्ली ‘इम्युनिटीच्या इंजेक्शन’बद्दल विचारतात. आज त्याविषयी.

या इंजेक्शनात अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, असतात. शरीर ती एरवी जंतूंविरुद्ध स्वतःच तयार करतं. 1975 साली केलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीची प्रतिपिंडं प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. त्यातली काही थेट गाठीच्या पेशीला चिकटतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब असं आहे. ते पेशीची वाढ रोखतं, शिवाय रक्तातल्या मारेकरी पेशींना तिचा पत्ताही दाखवतं.

दुसरी जात मात्र गाठीला हातच लावत नाही. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांनी आपल्याच अवयवांवर धावून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्यांना वेसण घातलेली असते. पीडी-वन ही तशी एक वेसण. लबाड गाठ तीच ओढून धरते आणि टी-पेशी समोर असूनही गप्प राहतात. निवोलुमॅब हे इंजेक्शन ही वेसण गाठीच्या हातातून सोडवतं. अशा वेसणी सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो, या शोधाबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं.

औषध भलतंच महाग. म्हणून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये अगदी कमी डोस तपासला: दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. कॅन्सरच्या नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातले सुमारे 16 रुग्ण हयात होते. गोळ्यांसोबत हे इंजेक्शन दिलं तेव्हा 43. हे बरे होणं नव्हे, पण त्या घरांना विचारा एका वर्षाची किंमत! सगळ्यांना गुण येत नाही, हेही खरं. आणि बाजारातल्या ‘इम्युनिटी’ पावडरींचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

वेसण सुटली की टी-पेशी कधी आपल्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर, थायरॉईडवर उलटतात. म्हणून हे इंजेक्शन घेणाऱ्याला जुलाब लागले किंवा दम लागू लागला, तर गावातल्या मेडिकलवरून गोळी आणून भागवू नका. शेवटचं इंजेक्शन होऊन महिने लोटले असले तरीही. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. स्टेरॉईड वेळेत सुरू झालं तर बहुतेक वेळा हा त्रास आटोक्यात येतो.