दहावीनंतर आयटीआय

नमस्कार श्रोतेहो. दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा, सायन्स की कॉमर्स? मध्येच कोणी आयटीआयचं नाव काढलं तर आजीच्या पोटात गोळा येतो, "पोरगा एवढा का वाया गेला बाप्पा?"

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातली गंमत ऐका. मे महिना, खिडकीत पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी. काकू पाणी भरायला गेल्या आणि असा झटका बसला की बादली एकीकडे, काकू दुसरीकडे. सगळा वाडा गोळा झाला. कोणी म्हणे मोटर जळाली, कोणी म्हणे पंप. काका म्हणे, चप्पल घालून हात लावा!

तेवढ्यात शेजारचा पोरगा आला. दहावीत गणितात अडकलेला, आयटीआयत वायरमनच्या दुसऱ्या वर्षाला. कूलरकडे तो गेलाच नाही. आधी मेन बंद. मग प्लग काढून बघितला आणि म्हणाला, "काकू, याची मोठी पिन कोणी कापली?"

काकांनीच! दोन पिनच्या बोर्डात बसावा म्हणून. ती मोठी पिन अर्थिंगची. पंपाची वायर सोलून पत्र्याला टेकली होती, करंटला जमिनीत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून तो काकूंच्या अंगातून गेला. पोरानं वायर बदलली, नवा प्लग लावला, तीन पिनच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासलं, मगच कूलर सुरू केला. काका तोवर पेपर वाचत बसले होते, उलटा धरून.

तर सांगायचं काय, दहावी नापास मुलालाही वायरमन, वेल्डर असे ट्रेड घेता येतात. दहावी पास असेल आणि दोन वर्षांचा ट्रेड केला, तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. थेट दुसऱ्या वर्षात, लक्षात ठेवा. आणि 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याप्रमाणे नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत ॲप्रेंटिसशिप करताना विद्यावेतनही मिळतं.

प्रवेश ऑनलाइन असतो. पसंतीक्रम भरताना मुलाला शेजारी बसवा. ट्रेड त्याला शिकायचा आहे, मामाला नाही.