कानस, गुण्या आणि प्रकाशाची रेघ

(दृश्य : बडोद्यातील एक सरकारी आयटीआय. फिटर, म्हणजे यंत्राचे भाग घडवून जुळवणाऱ्या कारागिरांचा विभाग, सकाळची वेळ.)

शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळलेल्या लोखंडी तुकड्यावर कानस फिरते आहे. हात पुढे जाताना दाब द्यायचा आणि मागे येताना तो सोडायचा, हे सांगायला एक वाक्य पुरते. ते अंगवळणी पडायला मात्र कित्येक आठवडे जातात. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातून आलेला हा प्रशिक्षणार्थी मधेच थांबतो, तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोनी मोजपट्टी, लावतो आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहतो. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची बारीक रेघ दिसली, तर पृष्ठभाग अजून सपाट झालेला नाही असे समजायचे. रेघ दिसते. तो पुन्हा कानस हातात घेतो.

फिटरचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. देशभरातील आयटीआय ज्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात, ती केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. बडोद्यात मात्र सरकारी खर्चाने कारागिरी शिकवण्याची रीत त्याहून ६० वर्षांनी जुनी आहे.

(दृश्य : कलाभवन.)

महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९० साली कलाभवन या कारागिरी शिकवणाऱ्या संस्थेची स्थापना केली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली दत्तक म्हणून आलेल्या या मुलाला तोवर शाळा ठाऊक नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याने मुळाक्षरे गिरवली, त्याला शिक्षणावाचून माणसाचे काय अडते हे कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नसावी. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. अक्षरओळख आणि हातातले कसब ही दोन्ही कामे त्यांनी एकाच दशकात हाती घेतली, याकडे आम्हाला मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते.

कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार समाजातले रसायनशास्त्रज्ञ होते. कारागिराला त्याच्या स्वतःच्या भाषेत शास्त्र शिकवता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी देशी भाषांत पारिभाषिक शब्द घडवण्याच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. रंगाई, विणकाम, यंत्रकाम आणि चित्रकला हे विषय येथे शिकवले जात. दादासाहेब फाळके हेही याच संस्थेचे विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचे घर बनले.

गज्जरांनी धरलेला भाषेचा प्रश्न आजच्या वर्गातही जिवंत आहे. आपला प्रशिक्षणार्थी घरी आईशी मराठी बोलतो, वर्गात गुजराती ऐकतो, यंत्राशेजारी हिंदी वापरतो आणि सुट्या भागांची नावे इंग्रजीत पाठ करतो. चार भाषांतून वाट काढत शिकणाऱ्या मुलाला जो निदेशक, म्हणजे कार्यशाळेतला शिक्षक, त्याच्या बोलीत एकदा नीट समजावून सांगतो, त्याचे मोल नव्या यंत्राहून अधिक आहे. जुन्या लेथवरही चांगला निदेशक हात घडवतो. निदेशकाची जागाच रिकामी राहिली, तर नवे कोरे यंत्र प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकलेले राहते.

(दृश्य : बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहत, पाळी बदलण्याची वेळ.)

आयटीआयमधून बाहेर पडल्यावर खरी कसोटी लागते ती कारखान्याच्या फाटकाशी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची उपयुक्तता इथे कळते. सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि ही संख्या मोजताना कंत्राटी कामगारही धरले जातात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. तरतूद चांगली आहे. पण शिकाऊ उमेदवाराला वर्षभर माल उतरवायला आणि फरशी पुसायला लावले, तर त्याचे शिकणे केवळ कागदावर होते. आज कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली आणि काय शिकवले, याची नोंद दर आठवड्याला तपासली गेली पाहिजे.

याच वसाहतीत असेही कामगार आहेत, ज्यांनी कोणत्याही संस्थेचा उंबरठा न ओलांडता उस्तादाच्या हाताखाली वेल्डिंग शिकले. त्यांच्या वेल्डिंगच्या सांध्याची शिलाई पाहून जाणकार मान डोलावतो, पण नवी नोकरी मागताना दाखवायला त्यांच्याजवळ कागद नसतो. २०१५ साली आलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशा पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय आहे : अल्प मुदतीची उजळणी, चाचणी आणि प्रमाणपत्र. अडचण दिवसाची आहे. रोजंदारीवरचा वेल्डर चाचणीसाठी गेला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो जात नाही. ही चाचणी वसाहतीतच, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, त्याच्या सवयीच्या यंत्रावर घेतली, तर तो सकाळी डबा घेऊन येईल आणि दुपारपर्यंत आपली शिलाई परीक्षकासमोर ठेवील.