ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होणार?

नमस्कार. वाचनालयाच्या सभासदांबरोबर आज नगरसेवक मंडळीही मुद्दाम आली आहेत, म्हणून जरा मोकळेपणानं बोलते.

महापालिकेनं नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आराखडा तयार केला आहे. मी तो दोनदा वाचला. पाच मजले, सभागृह, काचेची दर्शनी भिंत, वाहनतळ असं सगळं त्यात आहे. सेवकांचा आकृतिबंध मात्र कुठेच नाही. किती ग्रंथपाल, किती सहायक, दार किती वाजता उघडणार नि किती वाजता बंद होणार, यावर एक ओळही नाही. म्हणून मला बर्मिंगहॅमची आठवण झाली.

ग्रंथालयावर मनापासून प्रेम करणारं हे इंग्लंडमधलं शहर. १८६६ साली तिथल्या संदर्भ ग्रंथालयाच्या उद्घाटनाला जॉर्ज डॉसन नावाचे धर्मोपदेशक बोलले. मोठं राष्ट्र आपल्या जनतेसाठी जे करतं, ते मोठ्या शहरानं आपल्या रहिवाशांसाठी करायला हवं, आणि ग्रंथालय हे त्या जाणिवेचं पहिलं फळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १८७९ च्या जानेवारीत त्या इमारतीला आग लागली आणि जेमतेम हजारभर पुस्तकं वाचली. शहरानं हाय खाल्ली नाही, १८८२ मध्ये नवं ग्रंथालय उभं केलं. त्यातलं शेक्सपिअर दालन, कोरीव लाकूडकामाचं, पुढे दोनदा इमारत बदलली तरी त्यांनी जपलं. आज ते नव्या इमारतीच्या अगदी माथ्यावर आहे.

ही नवी इमारत ३ सप्टेंबर २०१३ ला खुली झाली. उद्घाटनाला मलाला युसूफझाई आली होती. खर्च जवळपास १९ कोटी पौंड. बाहेरून सोनेरी-रुपेरी भिंतींवर एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या कड्यांची जाळी. फोटो पाहिला तरी डोळे निवतात.

दोन वर्षंही झाली नाहीत तोच आठवड्याला ७३ तास उघडं राहणारं ते ग्रंथालय ४० तासांवर आलं. निम्म्याच्या आसपास सेवकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. इमारत तीच, पुस्तकं तीच, फक्त दार लवकर लागायला लागलं. पुढे ५ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे उद्घाटनाला दहा वर्षं आणि दोन दिवस झाल्यावर, तिथल्या नगर परिषदेनं अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळा नवा खर्च थांबवल्याची नोटीस काढली. हे संकट ग्रंथालयामुळे आलं नव्हतं, हे न्यायानं सांगायला हवं. स्त्री कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याचे दावे आणि फसलेली संगणकप्रणाली, ही त्यातली मोठी कारणं. पण कात्री लागली तेव्हा वस्त्यावस्त्यांतली छोटी ग्रंथालयंही तिच्याखाली आली.

इंग्लंडात १९६४ च्या कायद्यानं सर्वंकष नि कार्यक्षम ग्रंथालय सेवा देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक आहे. पण तास किती, हे कायदा सांगत नाही. इमारत मोडायला निघालं तर गाव जमतं. दोन तास कमी झाले तर कोण मोर्चा काढणार?

आपल्याकडे तर तेवढाही आधार नाही. खरं तर देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, १९४५ चा. मराठी माणसानं हे अभिमानानं सांगावं. पण मद्रासनं १९४८ मध्ये आणि कर्नाटकानं १९६५ मध्ये स्थानिक करावर ग्रंथालय उपकर, म्हणजे फक्त ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवला, आणि आपला १९६७ चा कायदा उपकराविनाच आला. महापालिकेच्या कायद्यात पाणी, गटारं बंधनकारक कर्तव्यांत आणि ग्रंथालय स्वेच्छाधीन कर्तव्यांत. म्हणून दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी स्थायी समितीसमोर हात पसरणं आलं.

मी तीस वर्षं देवघेव विभागात बसले. एक रिक्षावाले दादा रोज रात्री पावणेआठला यायचे. खाकी शर्टाच्या खिशात कार्ड, पुस्तक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. टेबलावर ठेवण्याआधी हात पँटला पुसायचे. वर्षभरात त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांची अख्खी फळी संपवली. मग एक दिवस म्हणाले, “बाई, यातलं खरं किती, ते सांगणारं काही आहे का?” मी त्यांना शिवकाळातल्या पत्रांचा एक खंड काढून दिला. तो संपवायला त्यांना चार महिने लागले, तीनदा मुदत वाढवून दिली. पुढे माझा सहकारी निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही, आणि आम्ही सहाला कुलूप लावू लागलो. दादा परत दिसले नाहीत. त्यांची रिक्षा सहा वाजता सवारीवर असणार. सगळ्यात जास्त धंदा त्याच वेळी.

त्या पाच मजल्यांकडे मी त्यांच्या नजरेनं बघते. नगरसेवकांना माझं हात जोडून सांगणं आहे. आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा: रविवारसकट रोज रात्री ९ पर्यंत उघडं, त्यासाठी दोन पाळ्यांची कायम पदं, आणि त्यांच्या पगारासाठी मालमत्ता करातला ठरलेला हिस्सा, दर वर्षी. तेवढ्यासाठी दोन मजले कमी करावे लागले तरी करा. काचेची भिंत नंतर बांधता येईल.