गाजावाजा ब्लू व्हेलचा, धोका भलताच

(दृश्य: रात्रीची चाळ. एका खिडकीत मोबाइलचा निळसर उजेड.)

ऑगस्ट २०१७. महाराष्ट्रात घरोघरी एकच विषय होता, ब्लू व्हेल. जुलैच्या अखेरीस मुंबईत अंधेरीला चौदा वर्षांचा एक मुलगा गेला आणि बातम्यांनी त्याच्या मृत्यूचा संबंध रशियातून आलेल्या या ‘गेम’शी जोडला. पन्नास दिवसांत पन्नास कामं, असं जो तो सांगत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर इशाऱ्यांचा पाऊस पडला. ११ ऑगस्टला केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, इन्स्टाग्रामला पत्र लिहून त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितलं.

पुढे अशा मृत्यूंची चौकशी झाली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत उत्तर दिलं: एकाही प्रकरणात ब्लू व्हेलचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

मुलं मात्र गेली होती. त्यांना आतून काय खात होतं, हा प्रश्न गेमच्या नावाखाली दबून गेला. पुढच्या वर्षी ‘मोमो’ नावाच्या चॅलेंजचा तसाच बोभाटा झाला. त्याच्या नावाने फिरणारा भेसूर चेहरा म्हणजे टोकियोत प्रदर्शनात ठेवलेलं एक शिल्प होतं.

आपण बागुलबुवाच्या मागे धावत राहिलो. जीव घेणारं चॅलेंज मात्र इतकं भीतीदायक दिसत नाही. ते पंधरा सेकंदांचं असतं, त्यात हसणारी मुलं असतात.

(दृश्य: अंगठ्याने सरकत जाणारे व्हिडिओ.)

श्वास कोंडून शुद्ध हरपण्याचा प्रकार इंटरनेटच्याही आधीचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००८ मध्ये त्याचा हिशेब मांडला. १९९५ ते २००७ या काळात ६ ते १९ वयाची ८२ मुलं यात गेली असावीत, बहुतेक मुलगे, सरासरी वय तेरा. जवळजवळ सगळी त्या वेळी एकटी होती. ज्या ४२ मृत्यूंचा पुरेसा तपशील मिळाला, त्यांतल्या ३९ घरांत आईवडिलांनी या प्रकाराचं नावही ऐकलं नव्हतं.

मेंदूला प्राणवायू कमी पडला की काही सेकंदांत शुद्ध जाते. शुद्ध गेलेलं मूल स्वतःला सोडवू शकत नाही. ‘वाटलं तर थांबेन’ हा हिशेब तिथेच चुकतो.

पूर्वी हे एका पोराकडून दुसऱ्याकडे जायचं. आता ते फीडमधून येतं. जानेवारी २०२१ मध्ये इटलीत पालेर्मोला दहा वर्षांची मुलगी दगावली. त्यानंतर, वयाची खात्री नसलेली खाती रोखा, असा आदेश तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने टिकटॉकला दिला. त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांचीच आणखी एक मुलगी गेली. तिची आई टिकटॉकविरुद्ध कोर्टात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, व्हिडिओ दुसऱ्या कुणी टाकला असेल, पण तो या मुलीपुढे आणून ठेवणं ही कंपनीची स्वतःची कृती आहे.

भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे. रील्स आणि शॉर्ट्स चालू आहेत.

(दृश्य: लोकलचं दार, मागे पडणारा फलाट.)

आपल्याकडे लाइकची हाव लोकलच्या दारात दिसते. २०१८ मध्ये ‘किकी’ची, म्हणजे चालत्या गाडीतून उतरून नाचण्याच्या चॅलेंजची, लाट आली. विरार स्टेशनवर चालत्या लोकलमधून उतरून नाचणाऱ्या तिघा तरुणांना रेल्वे कोर्टाने तीन दिवस वसई स्टेशन झाडायला लावलं. २०२४ मध्ये शिवडीच्या फलाटावरचा एक स्टंट व्हायरल झाला. रेल्वे पोलीस त्या तरुणाच्या घरी पोहोचले, तेव्हा कळलं की मशीद स्टेशनवर दुसरा स्टंट करताना तो एक हात आणि एक पाय गमावून बसला आहे. शिवडीचा व्हिडिओ त्याआधीचा होता. हात-पाय गेल्यावरही तो लोकांच्या फोनवर फिरत होता.

पालकांना एवढंच सांगायचं आहे: चॅलेंजची नावं घेऊन मुलांना घाबरवू नका. ज्याला माहीत नव्हतं, तेही शोधायला जाईल. जेवताना सहज विचारा, ‘आज काय बघितलंस? तुझ्या वर्गात कोण काय करतंय?’ उत्तर ऐकून लगेच फोन काढून घेतलात, तर पुढच्या वेळी उत्तर येणार नाही. मानेवर वळ, लालभडक डोळे, वरचेवर डोकेदुखी, खोलीतून बाहेर आल्यावर भांबावलेपण, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

मूल अडचणीत असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही क्रमांक मोफत आहेत, चोवीस तास चालू असतात, आणि मुलं स्वतःही फोन करू शकतात.