चिरंजीवाचा संसार

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराईत घरी आलेली कोणतीही पत्रिका उघडून पाहा. वराच्या नावाआधी ‘चि.’ आणि वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ हमखास छापलेले असते. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकी लेखकाच्या ‘टाइम इनफ फॉर लव्ह’ या १९७३ सालच्या विज्ञानकादंबरीचा नायक लॅझरस लाँग मात्र अक्षरशः चिरंजीव होऊन बसला आहे. १९१२ साली जन्मलेला हा गृहस्थ दोन हजारांहून अधिक वर्षे जगला आहे आणि जगण्याला विटला आहे. त्याने मरणाचा हट्ट सोडावा म्हणून त्याचेच वंशज त्याच्या आठवणी ऐकत बसले आहेत.

एवढे आयुष्य आले कुठून? लेखकाने त्यासाठी अमृत किंवा वरदान आणलेले नाही. आयरा हॉवर्ड नावाचा धनिक १८७३ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी वार्धक्याने मरतो आणि माणसाचे आयुष्य वाढवण्यासाठी आपली संपत्ती ठेवून जातो. मग त्याचे विश्वस्त, ज्यांचे चारही आजी-आजोबा हयात आहेत असे तरुण-तरुणी हेरून, त्यांनी आपसांत लग्ने करावीत म्हणून त्यांना पैसे देऊ लागतात. आपल्याकडे स्थळ पाहताना जमीन किती, विहिरीला पाणी किती, मामेकूळ कोणते, असे सगळे विचारतात; इथे चौकशी फक्त म्हाताऱ्यांची. देवणी किंवा लाल कंधारी जनावरांची पैदास सांभाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

कादंबरी पसरट आहे, नायक फार बोलतो, आणि शेवटी काळात मागे जाऊन तो स्वतःच्या आईच्याच प्रेमात पडतो, ते मला मुळीच रुचले नाही. पण मधली डोराची कथा मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. जळत्या घराच्या खिडकीतून खाली सोडलेली ही चिमुरडी लॅझरसच्या हाती येते, तो तिचा पालक होतो, आणि मोठी झाल्यावर तीच त्याला मागणी घालते. तिचे आयुष्य तुमच्या-आमच्याइतकेच. ते ठाऊक असूनही तो लग्न करतो. खेचरांच्या गाड्या घेऊन दोघे डोंगर ओलांडतात, निर्मनुष्य खोऱ्यात घर बांधतात, मुले वाढवतात. डोरा म्हातारी होते, आणि एक दिवस मरते.

बायकोच्या गोष्टीत बैल आणतो म्हणून रागावू नका, पण मला इथे हाळीच्या बाजारात दोनदाती गोऱ्ह्याचे दात पाहणारा शेतकरी आठवतो. हा आपल्याआधी जाणार, हे त्याला ठाऊक असते. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतोच. जुना सर्ज्या गेला की नव्यालाही तो सर्ज्याच म्हणतो.

शतके लोटल्यावर लॅझरसपाशी स्वतःचे अंतराळयान असते. ते चालवणारा संगणक माणसासारखा बोलतो, लहान मुलीसारखा रुसतो, आणि त्याचे नाव असते डोरा.