टाकळा आणि गोव्याची पूड

श्रोतेहो, नमस्कार. रोप लावणी उरकली की आमच्या खानापूर भागात गजकर्णाचा सुकाळ. दिवसभर पाय चिखलात, अंगावर ओले कपडे. जांघेत, कमरेला गोल चट्टे उठतात आणि खाजवून जीव नकोसा होतो. आमची आजी टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायची. वास असा, की शाळेत कुणी शेजारी बसेना.

टाकळा शेंगवर्गातला, तूर-हरभऱ्याच्या भावकीतला. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. त्यांतल्या एकानं प्रयोगशाळेत गजकर्णाच्या बुरशीची वाढ रोखून दाखवली आहे.

आता गंमत ऐका, शेजारच्या गोव्याची. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची पूड गजकर्णावर विकली जायची. लोक समजत, गोव्याचाच माल. 1870 च्या दशकात उलगडा झाला, की ती ब्राझीलमधल्या आरारोबा झाडाच्या खोडातून निघते. पोर्तुगीजांमार्फत इकडे आली. आणि ते झाडही शेंगवर्गातलंच! पुडीतलं क्रायसारोबिन म्हणजे टाकळ्यातल्या द्रव्याचा सख्खा चुलतभाऊ. डॉक्टर ते सोरायसिस या कातडीच्या खपल्या निघणाऱ्या आजारावरही देऊ लागले. कातडी भाजायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, पण गुण यायचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीत हा माल पोचेना, तेव्हा 1916 च्या सुमारास तिथं त्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं. सोरायसिसवर ते आजही वापरतात.

मग टाकळ्याचं मलम का नाही? बशीतली बुरशी मरणं सोपं असतं हो. द्रव्य कातडीत किती मुरतं, कितीनं बुरशी मरते आणि कितीनं कातडीच सोलते, या मधल्या फटीत औषध बसवावं लागतं. बरीच द्रव्यं तिथंच अडकतात. तरी शोध सोडून चालणार नाही. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारं गजकर्ण आता देशभर दिसतंय. त्यात दुकानातून आपल्या मनानं आणलेली स्टेरॉइडची मलमं. दोन दिवस खाज थांबते आणि चट्टा आतून पसरतो. आपल्या बेळगावातच, नेहरूनगरला, पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. असे प्रश्न तिच्या दारातलेच.

आजीनं बी कधी मोजून घेतलं नाही. चिमूटभर म्हणायची आणि मूठभर टाकायची. एका श्रावणात माझ्या कमरेवर त्या लेपानं टरटरून फोड आले. तिनं मुकाट्यानं खोबरेल लावलं, पाटा धुतला आणि भिंतीला उभा करून ठेवला.