आकडा घसरतो, पोरगं विसरत नाही

टेबलावर लाल-पांढरे ठोकळे, समोर कार्डावर एक नक्षी. ठोकळे फिरवून तीच नक्षी जुळवायची. टेस्ट घेणाऱ्या ताईंच्या हातात स्टॉपवॉच आहे, पण ते पोराच्या नजरेत फार येऊ नये अशा बेताने त्या बसल्यात. मग आकडे सांगणार, सात, चार, दोन, नऊ, आता उलटे म्हण. करून बघा, आपणही अडखळतो.

ज्या पोरांच्या मेंदूत गाठ होती आणि तिला शेक दिला (रेडिएशनला बरेच पालक शेकच म्हणतात), त्यांची ही तपासणी. गाठ गेलीय का ते एमआरआय सांगतो, पण वर्गात फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या होतात, हे एमआरआयमध्ये कुठे दिसणार.

इथे वापरतात त्यातली एक टेस्ट आपल्या नागपूरची आहे बरं का. बुद्धी मोजायची अमेरिकन वेक्स्लर टेस्ट डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवली, मराठीतसुद्धा. नाहीतर परक्या देशातले प्रश्न विचारून आमच्या पोराला कमी मार्क देण्यात काय अर्थ होता!

आता मुद्दा नीट ऐका, कारण इथेच पालक घाबरतात. समजा आठव्या वर्षी पोराने वीस उत्तरं बरोबर दिली आणि दहाव्या वर्षी चोवीस. म्हणजे वाढलीच ना? पण त्याच्या वयाची बाकीची पोरं तोवर तीसवर गेलेली असतात, आणि आयक्यू वयाच्या तुलनेत काढतात, म्हणून आकडा खाली येतो. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलने 2001 साली मेड्युलोब्लास्टोमाच्या (लहान मुलांच्या मेंदूत होणारी एक कॅन्सरची गाठ) 44 मुलांचं हेच मांडलं, वर्षाला सरासरी अडीच पॉइंटची घसरण, पण शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, नवीन शिकायचा वेग मंदावला होता. शेकाने मेंदूतल्या वायरींवरचं कव्हर नीट वाढत नाही, म्हणून निरोप हळू पोचतो असं समजा. आणि वय जितकं लहान तितका फटका जास्त.

मग शेक कमी जागेवर दिला तर? परळच्या टाटा हॉस्पिटलने हे नुसतं बोलून दाखवलं नाही, 2001 ते 2012 मध्ये 3 ते 25 वर्षांचे 200 पेशंट घेतले, गाठी सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या, डोस सगळ्यांना सारखाच, 54 ग्रे (शेक मोजायचं माप), 30 वेळांत वाटून. चिठ्ठी टाकावी तसं ठरलं कुणाला नेहमीच्या पद्धतीने आणि कुणाला गाठीला घट्ट बेतलेला शेक. टेस्ट शेकाच्या आधी आणि मग पाच वर्षं, पुन्हा पुन्हा. एवढी वर्षं लोकांना परत बोलवत राहणं, ते पण गावाकडून, माझ्या मते खरी कमाल तीच आहे. 2017 ला निकाल छापून आला. बेतलेल्या शेकात आयक्यू जास्त टिकला, हार्मोनचा नवा बिघाड 51 ऐवजी 31 टक्क्यांत. जगण्याच्या प्रमाणात मात्र तसा फरक नाही. आधीच्या एका छोट्या अभ्यासात तर त्यांना दिसलं होतं की डाव्या कानशिलामागच्या भागाला किती डोस जातो त्यावर आयक्यू बराच अवलंबून असतो.

तरी आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. केमोने ऐकू कमी येत असेल, वर्षभर शाळा बुडाली असेल, तीच टेस्ट दुसऱ्यांदा देताना सराव झाला असेल, सगळं त्यात मिसळतं. म्हणून शेकाच्या आधीची पहिली टेस्ट चुकवू नका, नंतर तुलना कशाशी करणार?

रिपोर्ट हातात आला की आई-बाबा आधी आयक्यूच बघतात. त्यांना म्हणावं, मागचं पान उघडा, मागच्या वर्षी बरोबर किती होती आणि यंदा किती, ते आधी वाचा.